खान अकॅडमीवरची एसएटीची फुकट तयारी: आमच्या घरचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लेक इथल्या सरकारी हायस्कूलमधून पास होऊन आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. मंडळातल्या बऱ्याच जणी विचारतात एसएटीला (इथली कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) कुठला क्लास लावलेलास, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी क्लासच लावला होता, नाव नाही घेत. फी भरमसाठ, शनिवारी चार तास, आणि हातात जाडजूड झेरॉक्सचा गठ्ठा ज्यात अजून जुन्या कागदी परीक्षेचे पानपानभर उतारे! अहो परीक्षा मार्च 2024 पासून इथे लॅपटॉपवर गेलीये, उतारा जेमतेम एका परिच्छेदाचा आणि त्यावर प्रश्न एकच. महिन्याभरात काढलं तिला तिथून, पैसे गेले ते गेले.

मग खान अकॅडमी, म्हणजे फुकट शिकवणारी वेबसाइट. परीक्षा घेणारं कॉलेज बोर्ड आणि हे मिळून 2015 पासून ही तयारी फुकट देतायत. गणित वेगळं, रीडिंग-रायटिंग वेगळं, दोन्हीत सोपं-मध्यम-अवघड असे टप्पे, आणि उत्तर चुकलं की कुठे चुकलं ते नीट समजावून सांगतात. आमची गणितात बरी पण कॉमा-सेमिकोलनला दर वेळी आपटायची, तेवढ्याच भागावर दोन महिने रोज वीस मिनिटं बसली. चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही केली, ती आयडिया माझी, म्हणजे खरं तर माझ्या दहावीच्या बाईंची. पाचपैकी पाच स्टार देते. फक्त रोज आठ वाजता "बस गं आता" हे ओरडायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

पूर्ण टेस्ट मात्र ब्लूबुक ॲपवर द्या कारण खरी परीक्षा त्यावरच असते. 98 प्रश्न, 2 तास 14 मिनिटं, मधे 10 मिनिटं ब्रेक. दोन्ही विषयांत पहिला भाग चांगला गेला की दुसरा जास्त अवघड येतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं, पोरगी रडकुंडीला आली आणि मग कळलं की अवघड आला म्हणजे चांगलंच झालं! गणिताला डेस्मॉसचा कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच मिळतो, आलेख काढून उत्तर वाचता येतं (आम्ही लॉगटेबल चाळत बसायचो, जाऊदे). चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत त्यामुळे एकही रिकामं सोडायचं नाही. आणि घरचं उत्पन्न कमी असेल तर अकरावी-बारावीच्या मुलांना परीक्षेची फी माफ होते, शाळेच्या काउन्सेलरला विचारा, लाजू नका.

आता एक, कॉलेजात गेल्यावर तो स्कोअर कोणी विचारलाही नाही. तिथे कामी आलं ते एपी अमेरिकन हिस्टरी (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा विषय), ज्यात सात कागदपत्रं वाचून तासाभरात मुद्देसूद निबंध लिहायचा असतो, तेव्हा तिने सरांना जाम शिव्या घातल्या होत्या, आता पेपर लिहायला बसली की आपोआप लिहिते. आणि जे कुठेच शिकली नव्हती ते म्हणजे जाऊन विचारणं. केमिस्ट्रीच्या पहिल्या मिडटर्मला गचकली तरी प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना (मुलांनी शंका विचारायला यायची ठरलेली वेळ) जायला हिला तीन आठवडे लागले, म्हणे "आई, त्यांना वाटेल मला काहीच येत नाही". शेवटी रूममेटला सोबत घेऊन गेली. आता दर मंगळवारी जाते, वही घेऊन.