अचलपूर: स्टेशन रोडवरची तर्री-पोह्याची गाडी, सकाळी फिरायला निघाले तर थांबाच

अचलपुरात तर्री-पोहा (पोह्यावर चण्याचा तिखट रस्सा) काय कुठंही भेटतो, चौकाचौकात गाड्या आहेत, पण स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबाच्या झाडाखाली काकू आणि त्यांचा मुलगा जी गाडी लावतात ना, तिथला पोहा माझ्या मते गावात एक नंबर.

आधी पोह्याचंच सांगतो, कारण लोक तर्रीचंच कौतुक करतात आणि पोहा राहूनच जातो. बऱ्याच गाड्यांवर पहाटे एकदाच पोहे करून ठेवतात, आठ-साडेआठपर्यंत ते वाळून कडक होतात मग वरून भरपूर तर्री मारून देतात. काकू गंजात (पातेल्यात) पाणी उकळत ठेवतात, त्याच्या वाफेवर पोह्याचं भांडं आणि वरून ओलं फडकं, म्हणून शेवटच्या प्लेटीतला पोहाही मऊ आणि मोकळा निघतो. हळद बेताची, नुसता खाल्ला तरी चव लागते.

आता तर्री. हरभरा रात्रभर भिजवलेला, दाबला की फुटतो पण साल सुटलेली नसते. मसाला घरचा, सुकं खोबरं, खसखस आणि काळपट होईस्तोवर भाजलेला कांदा, हे काकूंनीच सांगितलं, लपवाछपवी काही नाही. वाढताना जरा लक्ष देऊन बघा, पळी आधी तेलाच्या खाली जाते, तळातले चणे आणि रस्सा वर येतो, आणि वरचा लाल तवंग नंतर वेगळा घेतात, तोही विचारून. "तर्री जास्त टाकू का भाऊ?" लेकरू सोबत असलं तर त्यालाच विचारतात, "बाबू, तुले तिखट लागन, दही देऊ का थोडं?" वर कच्चा कांदा, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), लिंबाची फोड. प्लेट २५ रुपये, तर्री परत मागितली तर पैसे नाही घेत.

मी दुल्हा गेटकडून, म्हणजे जुन्या वेशीकडून निघतो. एवढ्या सकाळी दुधाचे कॅन लटकवलेल्या मोटारसायकली एकामागं एक आत येत असतात, गावातली दुकानं सगळी बंद, आणि तेव्हाच कळतं हे किती जुनं शहर आहे, १४९० ला वऱ्हाडात इमादशाही सुरू झाली तेव्हा राजधानी आपलं एलिचपूर, म्हणजे अचलपूरच. पुढं स्टेशनकडे गेलं की शकुंतला रेल्वेचे अडीच फुटी रूळ गवतात अर्धे दिसतात अर्धे नाही. गाडी बंद आहे पण गाडीवर (पोह्याच्या) रोज कोणी ना कोणी विषय काढतोच की ब्रॉडगेज कधी होणार, आणि त्याच्यावरून कापसाच्या भावावर जातात. मला हे ऐकायला फार आवडतं, बाकावर अनोळखी माणूसही सरकून जागा देतो.

वेचणीच्या दिवसांत तर बायांचा टेम्पो इथं थांबतो, भाकर त्यांच्याजवळ असतेच, त्या फक्त तर्री बांधून घेतात. काकू आधी त्यांचं करून देतात, बाकीच्यांना थांबा म्हणतात, कारण टेम्पोवाला थांबत नाही. हे मला लय पटलं.

दोन गोष्टी सुधारायला पाहिजेत. पार्सल पेपरात बांधतात, छापील कागदात गरम खायचं देऊ नका असं एफएसएसएआयनं (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) कितीदा सांगितलंय, आणि तर्रीची पन्नी इतकी पातळ की हातात धरवत नाही. मी मुलाला बोललो, तो म्हणाला डबा आणा दादा, डब्यात जास्तच देतो. खरंच जास्त देतो. आणि चहा फार गोड, इथं पिऊ नका, समोरच्या टपरीवर प्या.

साडेआठच्या आत पोहोचा, बाजाराच्या दिवशी त्याच्याही आधी, तर्री संपली की काकू पाणी घालून वाढवत नाहीत, सरळ गाडी झाकून घरी जातात. स्टीलचा डबा न्या, झाकण घट्ट लागणारा.