जॅको पॅस्टोरियसची पहिली एलपी, आठ महिने वाजवल्यानंतर

जॅको म्हणजे अमेरिकन बेस गिटारवादक, त्याची ही रेकॉर्ड नोव्हेंबरमध्ये घेतली, आता जुलै चालूय. अल्बम 1976 चा, ‘डोना ली’ने सुरू होतो, नुसता बेस आणि डॉन अलियासचा कोंगा (हाताने वाजवायचा ड्रम), हे इथल्यांना सांगायला नको. माझं घोडं अडलंय ते साइड एच्या शेवटच्या ट्रॅकवर, ‘पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी’.

3,400 रुपये मोजून नवी, सीलबंद घेतली आणि पहिल्याच रविवारी ट्रेसीवर आवाज फाटला, वर टिक टिक. ‘कम ऑन, कम ओव्हर’मध्ये सॅम अँड डेव्ह गात असताना असलं काही कळतही नाही, पण ट्रेसीत एकटा बेस, तोही हार्मोनिक्सवर, म्हणजे तार दाबायचीच नाही, बोट नुसतं टेकवून उचलायचं, मग घंटीसारखा स्वर निघतो आणि लांबत राहतो. त्यात टिक आली की जीव तुटतो. 23 वर्षांच्या पोराने हे वाजवलंय हो!

दुकानदाराला व्हिडिओ पाठवला तर ‘सर, व्हायनलमध्ये एवढं चालतंच’. दोन महिने फोन केले, शेवटी म्हणे सील तोडलंय, रिटर्न नाही. सील तोडल्याशिवाय रेकॉर्ड ऐकता येत नाही हे चारदा सांगितलं.

मार्चपर्यंत माझं मत पक्कं होतं, प्रेसिंग (म्हणजे कारखान्यात छापलेली ती प्रत) भंगार, पैसे पाण्यात. मग नौपाड्यातल्या ओळखीच्या एका काकांकडे घेऊन गेलो, चाळीस वर्षं रेकॉर्ड्स जमवतायत. त्यांनी रेकॉर्ड हातातही घेतली नाही, आधी विचारलं, ‘कार्ट्रिज कधी जुळवलंस?’ कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला भाग, तो कधीच नव्हता जुळवला. 33⅓ स्पीडला कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंमी ग्रूव्ह जातो, लेबलकडे सरकत जाल तसं ते कमी होत पार आत 21 च्या आसपास येतं, म्हणजे तेवढंच म्युझिक दाटीवाटीने बसवलेलं, सुई जराशी तिरकी असली की तिथे फाटणारच, आणि ट्रेसी नेमकं आतल्या टोकाला. सुईचा कोन जुळवायला कागदावर छापलेला प्रोट्रॅक्टर, छोटा स्क्रूड्रायव्हर, पाऊण तास. खर्च प्रिंटआउटचे पाच रुपये!

फाटणं साफ गेलं, ती चूक माझीच होती. टिक मात्र दोन उरल्यात, कितीही पुसा, दर वेळी त्याच जागी, म्हणजे त्या प्रेसिंगच्याच. दुकानदाराकडे परत जाणार नाही.

त्याच साइडचं ‘कंटिन्यूअम’ आता काय वाजतं! जॅकोने बेसचे फ्रेट्स, म्हणजे बोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून बोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं होतं, त्यामुळे स्वर सरोदसारखा घसरत जातो. आमचे बाबा जन्मभर सरोद ऐकणारे, हातातला चहा खाली ठेवून म्हणाले, ‘मींड कोण घेतंय ही?’ त्यांना परत लावून दाखवलं.

साइड बी कमी लावतो, ‘ओपस पोकस’चे स्टील ड्रम्स तेवढे आवडतात. पावसाळ्यात आमच्याकडे ठाण्यात कव्हरला बुरशी धरते, आतली कागदी स्लीव्ह बदला, माझ्या एकावर डाग आलेत.

दुसऱ्या कॉपीला परत 3,400 घालणार नाही. कोणाकडे जुनं, सत्तरच्या दशकातलं प्रेसिंग असेल तर ट्रेसीच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात टिक येते का तेवढं ऐकून सांगा.