बेळगावच्या टिळकवाडीतलं रॅप ऐकवणारं दुकान: नवीन माणसानं जावं का? जावंच

आरपीडी क्रॉसच्या अलीकडं एका बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर स्पीकर-हेडफोनचं छोटं दुकान आहे, खालून बोर्डसुद्धा नीट दिसत नाही. तिथं दर रविवारी सकाळी १० ते १२ रॅप ऐकायला बसवतात, १०० रुपये, चहा त्यातच. माझा पुतण्या अकरावीला आहे, तो मागं लागला म्हणून पहिल्यांदा गेलो. आता सलग सात रविवार झालेत आणि मी स्वतःहून जातोय, म्हणून लिहितोय.

मी वडगावचा, आमचे यंत्रमाग आहेत, वय ४८. रॅप म्हणजे गाडी, पैसा आणि शिव्या असंच मला वाटायचं, वरातीत डीजे लावतो तेवढंच कानावर पडलेलं. मधे एकदा मोबाईलवर "बेस्ट रॅप" टाकून बघितलं होतं, एक गाणं अर्धा मिनिट, मग दुसरं, मग तिसरं, सगळी सारखीच वाटली आणि सोडून दिलं. आता कळतंय की ती ऐकायची पद्धतच चुकीची होती.

दुकानातला पोरगा पंचविशीचा असेल. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "काका, आज शब्द सोडून द्या, नुसता ड्रम ऐका." त्याच्याकडं दोन जुने टर्नटेबल आहेत, म्हणजे रेकॉर्ड वाजवायची यंत्रं, दोन्हीवर एकच रेकॉर्ड लावली. गाण्यात मधेच बाकी वाद्यं थांबून नुसता ताल राहतो ना, तो तुकडा एका रेकॉर्डवर संपत आला की दुसरीवर तोच परत सुरू, तोवर पहिली हातानं मागं फिरवून ठेवायची, असं करत पाच-सहा सेकंदांचा ताल त्यानं चार मिनिटं चालवला. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कूल हर्क नावाच्या जमैकात जन्मलेल्या पोरानं बहिणीच्या पार्टीत हेच केलं, बहिणीला शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायचे होते म्हणून ती पार्टी होती, आणि रॅप ज्यातून आलं त्या हिपहॉपची सुरुवात तिथूनच धरतात. मला हे एका फटक्यात कळलं कारण आयुष्यभर मागाच्या आवाजात बसलोय, तोच ठोका परत परत आला की माणूस त्याच्यावर आपोआप काहीतरी गुणगुणायला लागतो, आमच्याकडं सगळेच करतात.

दुसऱ्या रविवारी १९८२ चं 'द मेसेज' लावलं, हातात छापील शब्द दिले. गरीब वस्तीतलं रोजचं जगणं, त्यातली चिडचिड, सरळ सांगितलेली. पोवाड्याची सवय असलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. आणि रॅपवाले एकमेकांना आव्हान देऊन गातात ते तर आपल्याकडं कलगी-तुऱ्यात आहेच, इकडं कन्नड लावणीत हरदेशी-नागेशी या दोन पक्षांचे सामने असतात, आजोबा रात्रभर बसून ऐकायचे.

पण खरा बसलो तो तिसऱ्या रविवारी, नास या अमेरिकन रॅपरचा अल्बम 'इल्मॅटिक'. १९९४ चं, दहा ट्रॅक, जेमतेम ४० मिनिटं. पोरानं अट घातली की मधे बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, सलग ऐकायचं आणि चहा झाला की परत पहिल्यापासून. पहिल्या वेळी इंग्रजी निम्मंसुद्धा कळलं नाही. दुसऱ्या वेळी कागद बघत ऐकलं तर ओळीच्या आत कुठं कुठं यमक लपवलंय ते दिसायला लागलं. अल्बम आला तेव्हा हा नास फक्त २० वर्षांचा होता, माझ्या पुतण्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा! एका गाण्याच्या शेवटी त्याच्या वडिलांनी, ओलू दारांनी, कॉर्नेट वाजवलंय, आमच्या लग्नाच्या बँडमध्ये असतं तसलंच पितळी वाद्य, ते आलं आणि अंगावर काटा आला. घरी येताना डोक्यात एकच, बीट, म्हणजे गाण्याचा ताल, हा ताणा, मागावरचे उभे धागे, तो आधी लागतो, आणि शब्द म्हणजे बाणा, आडवे धागे.

म्हणून नवीन लोकांना माझं सांगणं हेच की निवडक गाण्यांच्या याद्यांच्या नादी लागू नका, एक अल्बम घ्या, शब्द समोर ठेवून दोनदा सलग ऐका. मग त्याचं संगीत कुणी केलंय ते बघून त्या माणसाचं दुसरं काम शोधा. या दुकानात हेच करून घेतात, आणि त्यासाठी १०० रुपये काहीच नाहीत.

सगळंच जमलंय असं नाही. चौथ्या रविवारी जे डिला या बीट बनवणाऱ्याचं 'डोनट्स' लावलं, ३१ छोटे तुकडे, त्यात रॅप जवळजवळ नाहीच, नवीन माणसाला ते फार लवकर होतं, मी आणि शेजारचे एक सर दोघंही हरवलो. त्याच्या जागी केंड्रिक लामारचं २०१२ चं 'गुड किड, मॅड सिटी' पाहिजे होतं, ते पुढच्या आठवड्यात लावलं. त्यात गोष्ट आहे, मधे मधे आई-वडिलांचे फोनवरचे निरोप येतात, पोरगं गाडी घेऊन गेलंय आणि घरची वाट बघतायत. भाषा नाही कळली तरी आईचा आवाज कळतो. याच केंड्रिकला 'डॅम' या अल्बमसाठी २०१८ मध्ये पुलित्झर हे अमेरिकेतलं मोठं बक्षीस मिळालं, त्याआधी संगीतातलं ते बक्षीस शास्त्रीय आणि जॅझवाल्यांनाच मिळायचं.

लॉरिन हिलचा १९९८ चा अल्बम होता त्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. ती म्हणाली, "ही तर गातेय पण आणि बोलतेय पण, आणि दोन्ही मनापासून." तेव्हापासून आम्ही दोघं जातो.

तक्रारी सांगतो. जिना फार उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांना त्रास होणार. खुर्च्या सहाच. करंट गेला की बसून राहायचं, इन्व्हर्टर नाही. शब्दांचे कागद बारीक अक्षरात आणि नुसते इंग्रजीत, बोलीतल्या शब्दांचा मराठी अर्थ बाजूला लिहिला तर फार उपयोग होईल, विचारलं तर सांगतो पण दर वेळी किती विचारणार. शिव्या आहेत, लहान मुलांना आणू नका.

आणि सगळ्यात मोठी तक्रार, आपल्याकडचं फार कमी लावतो. मुंबईच्या स्वदेशी या रॅप ग्रुपचं 'वारली रिव्होल्ट' एकदाच लावलं, त्यात आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर आहेत आणि मुंबईतल्या आरे जंगलाचं दुखणं आहे, सगळे ताठ बसून ऐकत होते. बेंगळुरूचा रॅपर हनुमानकाइंड २०२४ मध्ये जगभर गाजला, त्याचंही एकच गाणं. बेळगावात घरी मराठी, बाजारात कन्नड, कामावर हिंदी बोलणारी पोरं आहेत, माझा पुतण्या तिन्ही मिसळून वहीत लिहितोय, अशा पोरांसाठी महिन्यातला एक रविवार ठेव म्हणून मी सांगितलंय. "बघतो काका," म्हणालाय.

हेडफोन घ्या म्हणून मागं लागत नाही हे आवडलं. मी आपणहून १४०० चा वायरवाला घेतला, चांगला चाललाय.

येत्या रविवारी ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या ग्रुपचं १९९१ चं 'द लो एंड थिअरी' आहे, त्यात एका गाण्यावर जॅझवाले रॉन कार्टर स्वतः बास वाजवतात. साडेनऊलाच वर या, दहाला खुर्ची मिळत नाही.