कुपवाडच्या वर्कशॉपमधून करून घेतलेला हाफ रोल केज : एका वर्षाच्या वापरानंतर

माझी २०१२ सालची पेट्रोल स्विफ्ट रोज सांगली ते मिरज अशी कामावर जाते आणि वर्षातून दोनदा कोइम्बतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅकडेसाठी जाते. सुमारे हजार किलोमीटर चालवत जायचे, २.१ किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारायच्या आणि त्याच गाडीने घरी परतायचे, असा हा प्रकार आहे. गेल्या वर्षी कुपवाड एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून मी या गाडीसाठी बोल्टने बसणारा हाफ रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा पोलादी दांड्यांचा अर्धा पिंजरा, करून घेतला. सगळा खर्च मिळून ४१ हजार रुपये झाला. वर्कशॉपचे नाव देऊ नये अशी मालकांची विनंती आहे, कारण त्यांचे मुख्य काम शेतीअवजारांच्या सांगाड्यांचे आहे, वेल्डर दोनच आहेत आणि जीपवर शोभेचा पिंजरा हवा असलेल्या गिऱ्हाइकांना त्यांना नकार द्यावा लागतो. नाव न देताही सांगण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

केज हवा कशाला, हे आधी स्पष्ट करतो, कारण अनेक जण सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी बकेट सीट (अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोलगट सीट) आणि शरीर सीटला जखडणारा चार पट्ट्यांचा हार्नेस बसवतात आणि केजचा विचार ‘पुढे कधीतरी’ म्हणून सोडून देतात. गाडी उलटून छप्पर दबले, तर कंपनीच्या तीन बिंदूंच्या पट्ट्यात शरीराचा वरचा भाग निदान एका बाजूला कलू शकतो. हार्नेसमध्ये मात्र माणूस ताठ जखडलेला राहतो आणि छपराचा सगळा भार डोक्यावर आणि मानेवर येतो. म्हणून माझ्या मते केज आधी आणि हार्नेस नंतर, हा क्रम मोडता कामा नये.

पूर्ण केज मी मुद्दाम टाळला. पूर्ण केजच्या दांड्या पुढच्या खांबांच्या कडेने चालकाच्या डोक्याजवळून जातात. हेल्मेट घातलेले असेल तेव्हा त्या तारतात, पण रोजच्या रस्त्यावर हेल्मेट नसते आणि अंकलीच्या पुलाजवळ कोणी मागून धडक दिली, तर तीच पोलादी दांडी कपाळमोक्ष करू शकते. ज्या नव्या गाड्यांत छपराच्या कडेने उघडणाऱ्या पडदा-एअरबॅग असतात, तिथे अडचण आणखी वाढते. रस्त्यावरच्या गाडीसाठी पुढच्या सीटांमागे एक भक्कम कमान, तिला मागून टेकू देणाऱ्या दोन तिरप्या दांड्या, कमानीत एक कर्ण आणि हार्नेस बांधायची एक आडवी दांडी एवढे पुरे आहे. खर्च वाचतो तोही इथेच. दांड्या कमी केल्या म्हणून केज स्वस्त पडला तर चालेल. ट्यूब हलकी वापरली म्हणून स्वस्त पडला, तर तो घेऊच नये.

परदेशी तयार केजची चौकशी मी केली होती, पण वस्तूची किंमत, जहाजाचे भाडे आणि सीमाशुल्क धरून आकडा दीड लाखाच्या वर गेला. दुसऱ्या टोकाला, गाड्या सजवणाऱ्या एका दुकानाने १४ हजारांत काम करून देतो असे सांगितले आणि नमुना म्हणून दीड इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप पुढे ठेवला. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. हार्डवेअरच्या दुकानातला ‘दीड इंची’ पाइप हा पाणी वाहून नेण्यासाठी असतो आणि ते माप नाममात्र आतल्या व्यासाचे असते. बाहेरून तो ४८.३ मिलिमीटर भरतो. जाडजूड दिसतो म्हणून माणूस फसतो. पण हा पाइप पाण्याचा दाब सोसण्यासाठी बनवलेला असतो, तो बहुधा शिवणीचा असतो, त्याच्या पोलादाच्या ताकदीची हमी या कामासाठी दिलेली नसते, आणि त्यावरच्या जस्तामुळे वेल्ड कच्चा राहतो व वेल्डरच्या छातीत विषारी धूर जातो. कुपवाडच्या मालकांना मी हा किस्सा सांगितला, तेव्हा ते म्हणाले, “दादा, तो पाइप बोअरला बसवा. माणूस आत बसणार असेल तर सीडीएस ट्यूबशिवाय मी हात लावणार नाही.” त्या एका वाक्यावर मी काम त्यांना दिले.

सीडीएस म्हणजे थंड ओढून काढलेली, बिनशिवणीची पोलादी ट्यूब. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या, परिशिष्ट ‘जे’च्या कलम २५३ मध्ये केजसाठी हाच प्रकार सांगितला आहे : मुख्य कमानीला किमान ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २ मिलिमीटर (बाहेरचा व्यास बाय भिंतीची जाडी), बाकीच्या दांड्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २, आणि पोलादाची ताणशक्ती किमान ३५० मेगापास्कल. ट्रॅकडे ही शर्यत नव्हे आणि तिथे हे नियम कोणी तपासत नाही, पण केज कसा असावा हे ठरवण्यासाठी याहून चांगला आधार मला सापडला नाही. मालकांनी पुण्याहून ४५ आणि ३८ मिलिमीटरची एकेक सहा मीटरची लांबी मागवली आणि सोबत ट्यूब बनवणाऱ्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागून घेतले. दोन्ही लांब्यांची किंमत साडेचार हजारांच्या आत बसली. ४१ हजारांच्या कामात अस्सल मालाचा वाटा एवढा लहान असतो, हे ध्यानात आल्यावर ट्यूबमध्ये काटकसर करण्यात किती कमी हशील आहे ते कळते.

पहिली कमान बिघडली. वर्कशॉपमधले हायड्रॉलिक बेंडर शेतीच्या सांगाड्यांसाठी ठीक होते, पण पातळ भिंतीच्या ट्यूबसाठी त्याचा साचा योग्य नव्हता. बाक दिल्यावर डोळ्यांना काहीच वावगे दिसत नव्हते. मी व्हर्नियर लावून पाहिले, तर बाकाच्या मध्यावर ट्यूब एका दिशेने ४७.८ आणि दुसऱ्या दिशेने ३९.६ मिलिमीटर भरली, म्हणजे लहान व्यास मोठ्याच्या ८३ टक्केच होता. नियमात हे प्रमाण किमान ०.९ लागते आणि बाकाची त्रिज्या ट्यूबच्या व्यासाच्या तिप्पट तरी लागते. चेपलेली ट्यूब भार आला की नेमकी त्याच जागी मुडपते. मालकांनी स्वतः दोनदा मोजले, काही न बोलता ती कमान बाजूला ठेवली आणि दुसरी लांबी मागवून ती भोसरीतल्या एका मँड्रेल बेंडिंग करणाऱ्याकडे, म्हणजे ट्यूब चेपू नये म्हणून आत आधार घालून ती वाकवणाऱ्याकडे, पाठवली. तिचा बाक ४५.८ आणि ४३.९ भरला. वाया गेलेल्या ट्यूबचे पैसे त्यांनी माझ्याकडून घेतले नाहीत, बेंडिंगचे आणि वाहतुकीचे मात्र घेतले, आणि तो व्यवहार मला न्याय्य वाटला. या सगळ्यात तीन आठवडे गेले.

कमान गाडीत उभी करून, प्रत्येक जोडाच्या ठिकाणी ट्यूबचे तोंड होल सॉने (गोल करवतीने) गोलाकार कापून, जागच्या जागी फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते ठिपक्यांचे वेल्ड, मारले गेले. मग दांड्या डिकीच्या दारातून बाहेर काढून प्रत्येक जोड चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड केला. बोल्टच्या केजचा हा मोठा फायदा आहे, कारण गाडीतच वेल्ड करायला गेले, तर छपराला लागून असलेल्या वरच्या बाजूपर्यंत वेल्डिंगची टॉर्च पोहोचत नाही आणि नेमका तो भाग अर्धवट राहतो. आडव्या दांडीची उंची ठरवताना त्यांनी मला हेल्मेट घालून सीटवर बसवले आणि खांद्याचे पट्टे मागे जाताना आडव्या रेषेपासून खाली २० अंशांच्या आतच राहतील अशी खूण केली. पट्टा त्याहून जास्त उतरला, तर धडकेत तो पाठीच्या कण्यावर दाब देतो.

पायाच्या प्लेटांवर त्यांनी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्यासाठीच मी त्यांना सर्वाधिक गुण देईन. गाडीच्या तळाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचाही नसतो. त्यावर नुसती ट्यूब उभी केली, तर गाडी उलटताना ती पत्र्याला भोसकून खाली जाईल. कमानीच्या प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरहून मोठी प्लेट, पत्र्याच्या खालून तशीच दुसरी प्लेट आणि दोहोंना जोडणारे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) तीन एम-८, म्हणजे ८ मिलिमीटरचे, बोल्ट, अशी रचना केली आहे. खालच्या प्लेटांना नट आधीच वेल्ड केलेले असल्यामुळे केज एकट्याने काढता येतो. भोके पाडण्याआधी मागच्या बाकाखालची पेट्रोलची टाकी उतरवली आणि ब्रेकच्या नळ्या बाजूला बांधल्या. त्याआधी सगळे गालिचे काढून तळाचा पत्रा हातोडीने वाजवून पाहिला, कारण आमच्या भागात हे करावेच लागते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्यात बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या आहेत, आणि त्यांचा पत्रा वरून रंगीत आणि आतून गंजलेला असतो. अशा पत्र्याला कितीही जाड प्लेट लावली तरी तिचा उपयोग नाही. माझी गाडी कोरडी निघाली.

मला न विचारता त्यांनी आणखी एक काम केले. शेजारच्या फाउंड्रीतून डाय पेनिट्रंटचे डबे आणून सगळे वेल्ड तपासले. लाल रंग फवारून, काही मिनिटांनी पुसून, वरून पांढरी पावडर मारली की जिथे तडा असेल तिथून लाल रेघ वर येते. उजव्या तिरप्या दांडीच्या वरच्या जोडाला सुमारे एक सेंटिमीटरची केसासारखी रेघ हळूहळू उमटली. वरून तो वेल्ड अगदी देखणा होता. तो ग्राइंडरने काढून पुन्हा मारला आणि पुन्हा तपासला. कोणाकडूनही केज करून घ्या, ही तपासणी आपल्या डोळ्यांसमोर करायला सांगा. फाउंड्रीच्या पट्ट्यात ती सहज होते आणि तिचा खर्च हजाराच्या आत असतो.

आता उणिवा सांगतो. पॅडिंगच्या बाबतीत त्यांची माहिती तोकडी आहे. त्यांनी एसीच्या पाइपवर चढवतात ते मऊ काळे फोम लावून दिले होते, जे बोटाने दाबले तरी ट्यूबपर्यंत जाते आणि डोके आदळल्यावर असून नसल्यासारखे आहे. हेल्मेट जिथे लागू शकते तिथे एफआयए ८८५७-२००१ मानकाचे टणक पॅडिंगच हवे. ते मी पाच हजार रुपये खर्चून वेगळे मागवले. पावडर कोटिंगही कमअस्सल निघाले. पहिल्या पावसाळ्यानंतर बोल्टांच्या भोवती ते पापुद्र्यासारखे सुटले. तीन आठवडे सांगितलेल्या कामाला एकूण आठ आठवडे लागले आणि मधल्या काळात फोन मलाच करावे लागले. कमानीमुळे चालकाची सीट पूर्वीपेक्षा दोन इंच कमी मागे सरकते, त्यामुळे सहा फुटी माणसाला ही रचना अवघड जाईल. केज बसवलेला असताना मागे कोणालाही बसवता येत नाही आणि बसवूही नये, कारण त्यांच्या तोंडासमोर पोलाद असते.

याच कारणाने मी केज फक्त ट्रॅकच्या आठवड्यात बसवतो आणि परत आल्यावर काढून मागचा बाक पुन्हा लावतो. दोन्ही कामांना मिळून दीड तास लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली आहे. पाच आसनांची गाडी कायमची दोन आसनांची करून टाकणारा वेल्ड केलेला केज म्हणूनच रोजच्या गाडीत नको. विम्याच्या साध्या पॉलिसीतही शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरचे नुकसान आपल्या खिशातून भरायचे हे धरूनच निघावे.

सगळा केज सुमारे २३ किलोचा आहे. दोन ट्रॅकडे आणि चार हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात कुठला जोड हललेला नाही. प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेनने रेघ मारून ठेवली होती. पहिल्या दिवशी दुपारी डाव्या तिरप्या दांडीच्या पायाचे दोन बोल्ट किंचित फिरलेले दिसले, ते मी पुन्हा आवळले, आणि मालकांना कळवल्यावर त्यांनी बाराही जागी वेल्ड केलेल्या नटांच्या खालून नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) नट बसवून दिले. त्याच पायाच्या खालच्या प्लेटची कड सध्या गंजू लागली आहे. जून उजाडायच्या आत गाडी घेऊन या, प्लेट काढून घासून झिंक प्रायमर मारून देतो, असे त्यांनी सांगितले आहे.