बेळगावच्या नळाच्या पाण्यासाठी यूव्ही फिल्टर : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

शहापुरातील आमच्या घरी मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांच्या पद्धतीचा पाण्याचा फिल्टर बसवला. संपूर्ण पावसाळा आणि हिवाळा त्यावर काढून आता उन्हाळा लागल्यावर हे लिहीत आहे. यंत्राविषयी तक्रार फार थोडी आहे. मात्र ते विकणाऱ्यांच्या आणि दुरुस्त करणाऱ्यांच्या पद्धतींविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण घेणाऱ्याचे समाधान बरेचसे त्यावरच अवलंबून असते.

खरेदीच्या वेळी प्रथम एका मोठ्या दुकानात गेलो. तेथील विक्रेत्याने आमच्याकडे पाणी कोठून येते हे न विचारताच सरळ आरओ, म्हणजे पाण्यातले क्षारही काढून टाकणारे यंत्र दाखवायला सुरुवात केली आणि दोन पेले मांडून त्यांत विजेच्या कांड्या बुडवल्या. नळाच्या पाण्याचा पेला काही क्षणांत तांबूस, गढूळ झाला आणि आरओच्या पाण्याचा स्वच्छ राहिला. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा असाच हा प्रयोग असतो, पण त्यात दिसणारा तांबूस गाळ पाण्यातला नसून लोखंडी कांडी झिजून तयार झालेला असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे त्यातून वीज वाहते, आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसल्यामुळे वाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाण्यात रोगजंतू आहेत की नाहीत याचा त्या रंगाशी काहीही संबंध नाही. अशा रीतीने भीती घालून माल विकण्याची सवय आपल्या बाजारात इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे विकणाऱ्यालाही वाटत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

नंतर खडेबाजारातील एका जुन्या, लहान दुकानात गेलो. तेथील मालकांनी पहिलाच प्रश्न केला, ‘‘काकू, तुमच्याकडे नळाचं पाणी की विहिरीचं?’’ राकसकोप आणि हिडकल ही दोन्ही जलाशयांची पाणी असल्यामुळे महापालिकेच्या नळाला क्षार कमी असतात. उलट घरच्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी गल्लीगणिक बदलते. त्यांनी घरून बाटलीत पाणी भरून आणायला सांगितले आणि समोरच टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर लावून दाखवला. नळाचे पाणी शंभराच्या आत भरले, विहिरीचे साडेतीनशेच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत विरघळलेले क्षार चालतात, आणि राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी क्षार असलेल्या पाण्यासाठी आरओला मनाई करण्याचे निर्देश दिले होते. एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर मोरीत सोडणारे यंत्र आमच्यासारख्या घराला, जेथे नळाला रोज पाणी सुटत नाही, कशासाठी हवे? मालकांनी स्वतःहून स्वस्त यंत्र सुचवले. त्यांचा नफा त्यात निश्चितच कमी असणार.

आता यंत्राविषयी. यूव्ही दिव्याच्या प्रकाशाने जंतू निष्प्रभ होतात, परंतु त्यासाठी पाणी नितळ असावे लागते. गढूळ पाण्यात प्रकाश आतपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टच्या संततधारेत नळाचे पाणीही कधी कधी मातकट येते, म्हणून यंत्राच्या अलीकडे बसवलेल्या गाळणीवरच सगळी भिस्त राहते. पावसाळ्यात ही गाळणी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबली आणि पाण्याची धार बारीक झाली. ती गाळणी स्वस्त असते. पावसाळा सुरू होण्यापूर्वी एक जास्तीची घरात आणून ठेवावी. दुसरी अडचण विजेची. पावसात आपल्या भागात वीज जातेच, आणि दिवा बंद असताना हे यंत्र पाणी सोडत नाही, जे योग्यच आहे. तेव्हा एक घागर भरून ठेवण्याची जुनी पद्धत सोडू नये. चवीत फरक जाणवला तो कोळशाच्या गाळणीमुळे; क्लोरिनचा वास पूर्ण गेला आणि चहा सुधारला.

धार बारीक झाली तेव्हा कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर फोन केला. तेथे कन्नड, हिंदी आणि इंग्रजी एवढेच पर्याय होते. याच कंपनीचा कोल्हापूरचा ग्राहक मराठीत बोलू शकतो, पण आमचा पिनकोड ५९० ने सुरू होत असल्यामुळे ती सोय आमच्या वाट्याला येत नाही. प्रत्यक्षात घरी आलेला मेकॅनिक सासूबाईंशी मराठीत आणि फोनवर आपल्या साहेबांशी कन्नडमध्ये तितक्याच सहजपणे बोलत होता. ज्या शहरात भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत प्रत्येक जण गिऱ्हाइकाची भाषा ओळखून बोलतो, त्या शहराची ही रीत कंपनीच्या यादीत बसत नाही. सासूबाईंच्या वयाच्या माणसाला आपल्या भाषेत तक्रार मांडता येणे हा सेवेचाच भाग आहे, असे मी आग्रहाने म्हणेन.

याहून गंभीर बाब पुढची. मेकॅनिक येण्यापूर्वीच एकाने फोन करून, ‘‘पार्ट हुबळीहून यायचा आहे, तोपर्यंत ओटीपी सांगा,’’ अशी मागणी केली. ओटीपी सांगितला की तक्रार मिटल्याची नोंद होते आणि कंपनीच्या दप्तरी सर्व काही वेळेत झाले असे दिसते. मी तो दिला नाही आणि काम झाल्यावरच देईन असे शांतपणे सांगितले. शेवटी खडेबाजारच्या दुकानदारांनी स्वतः दोन फोन केले, तेव्हा पार्ट आला. विक्रीनंतर त्यांच्यावर कोणतेही बंधन नव्हते.

वार्षिक करार, म्हणजे एएमसी, घेताना गाळण्या आणि दिवा त्यात धरले आहेत का हे लिहून घ्यावे. अनेक करारांत केवळ भेटी मोफत असतात आणि सामानाचे पैसे वेगळे पडतात. पक्के बिल अवश्य घ्यावे. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागू शकतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही. बेंगळूर किंवा मुंबईला खेपा घालाव्या लागतील या समजुतीने आपल्याकडचे पुष्कळ लोक गप्प बसतात, म्हणून हे मुद्दाम नमूद केले.

केवळ नळाचे पाणी वापरणाऱ्या घरांना हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. वडगाव, अनगोळकडे ज्यांचा भर बोअरवर आहे त्यांनी आधी पाणी मोजून घ्यावे. टीडीएस पाचशेच्या वर निघाला तर हे यंत्र त्यांच्या उपयोगाचे नाही, कारण यूव्हीने क्षार कमी होत नाहीत.