‘आजोबांचा मग’ म्हणून गळ्यात मारलेली नक्कल

जर्मनीत राहून जुने बिअरचे मग जमवणाऱ्या मराठी मंडळींनो, चिनी मातीचे ‘रेझर्व्हिस्टनक्रूग’ घेताना फार जपा. सक्तीची लष्करी सेवा संपवून घरी निघालेला शिपाई आठवण म्हणून हे मग करवून घ्यायचा. त्यावर त्याचं नाव, पलटण, सेवेची वर्षं, बाजूला सोबत्यांची नावं आणि वर कथलाचं झाकण. 1914 साली महायुद्ध पेटलं आणि ती प्रथा मोडली. नकला मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ढिगानं निघाल्या.

म्युनिकजवळच्या एका जुन्या बाजारात मला असा मग 420 युरोला विकला गेला. ‘आजोबांचा आहे, घर रिकामं करतोय,’ असं सांगत विक्रेत्यानं लष्करी गणवेशातल्या कुणाचातरी फोटोही दाखवला. मगावर बव्हेरियन पायदळ आणि 1906–09 अशी वर्षं आहेत. आता, जर्मन पायदळातली सेवा 1893 पासून दोनच वर्षांची होती. तीन वर्षं घोडदळात काढावी लागत. हे विक्रेत्याला ठाऊक नसेलही, पण बुडाची करामत जाणूनबुजूनच केलेली आहे. तिथे नखाएवढा भाग बोटाला खरखरीत लागतो. कारखान्याचा शिक्का घासून काढलाय आणि वर काळपट मळ चोळलाय.

असा मग उजेडाकडे धरून आत डोकावलं की तळाच्या पातळ चिनी मातीतून चित्र उमटतं. ते लिथोफेन. जुन्या मगांत तिथे निरोप घेणारा शिपाई, त्याची प्रेयसी अशी दृश्यं असतात. माझ्या मगात विवस्त्र बाई आहे. ‘तरुण शिपायांना असलंच आवडायचं,’ म्हणे! जाणते संग्राहक हीच नकलेची सगळ्यात पक्की खूण मानतात. भिंगाखाली मगाच्या बाहेरच्या चित्राचे छापील ठिपकेही दिसतात. अस्सल मगावर रेषा छापून त्यांच्यात हातानं रंग भरलेला असतो.

पैशांपेक्षा मला राग येतो तो त्या खोट्या आजोबांचा. खऱ्या मगावरची कितीतरी नावं पुढे युद्धात गेली, त्यांच्या आठवणीवर हा धंदा चालतो.

पैसे परत मागितले तेव्हा ‘पाहून घेतलात ना’ एवढंच उत्तर मिळालं. पावती द्यायचं त्यानं आधीच टाळलं होतं. तेव्हा पैसे काढण्याआधी ‘1914 पूर्वीचा, अस्सल’ असं पावतीवर नाव-पत्त्यासकट लिहून मागा. विकणारा कां-कूं करू लागला, तर तो मग तिथेच ठेवा आणि चालू लागा.