पडद्यामागचा डाग: आधी ओसीटी की डोळ्याची सोनोग्राफी?

डोळ्याच्या पडद्यामागचा डाग सपाट असेल तर ओसीटी (पडद्याच्या थरांचा छेद दाखवणारी तपासणी) आणि रंगीत फोटो, उंचवटा असेल तर आधी बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी. आमचं मत एवढं स्पष्ट आहे. साधा तीळ (नीव्हस) आणि लहान मेलानोमा (रंगपेशींचा कॅन्सर) नुसत्या फोटोत सारखेच दिसू शकतात.

ओसीटी प्रकाशावर चालते, डोळ्याला काहीही लागत नाही. पडद्याखालचं पातळ पाणी ती सोनोग्राफीच्या आधी पकडते, आणि ताजं पाणी हे डाग वाढण्याचं लक्षण असू शकतं. डागावर ड्रुसेन, म्हणजे पिवळसर ठिपके, दिसले तर तो बहुधा जुना आहे, म्हणून संशय कमी. पण जाड, काळ्या गाठीत प्रकाश आत शिरत नाही, मागची कड हरवते आणि जाडी मोजता येत नाही.

तिथे बी-स्कॅन लागतो. पापणीवर जेल लावून तो करतात, मोतीबिंदू असला तरी चालतो. जाडी २ मिमीपेक्षा जास्त, व्यास ५ मिमीपेक्षा जास्त आणि गाठ आतून पोकळ भासणं, या धोक्याच्या खुणा. एकच खूण म्हणजे कॅन्सर नव्हे. खुणा जमत गेल्या की संशय वाढतो. प्रोब तिरका धरला तर जाडी खोटी वाढते, म्हणून मोजणाऱ्याचा हात महत्त्वाचा. सोबत ए-स्कॅन (प्रतिध्वनीचा आलेख काढणारी सोनोग्राफी) सांगा: रक्तवाहिन्यांच्या गाठीतून, हिमँजिओमातून, प्रतिध्वनी उंच येतो, मेलानोमातून कमी.

ऑटोफ्लुरोसन्स फोटोत (पडद्याची स्वतःची चमक टिपणारा फोटो) डागावरचं नारिंगी रंगद्रव्य, हीसुद्धा धोक्याची खूण, चमकतं; तो जरूर काढावा. वाइडफील्ड यंत्रं कडेपर्यंतचा पडदा टिपतात, पण काहींचे रंग खरे नसतात, रंगावरून निष्कर्ष नको. शिरेतून डाय देऊन केलेली अँजिओग्राफी एकटी मेलानोमा ठरवू शकत नाही.

आपल्याकडे एक फसवा डाग हमखास लक्षात ठेवावा: क्षयाची गाठ. पिवळसर, उंच, खाली पाणी, म्हणजे दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरसारखीच. छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी इमेजिंगइतकीच मोलाची.

तीळ ठरला तरी पहिल्या वर्षी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाला एकदा, शक्यतो त्याच यंत्रावर फोटो काढा. यंत्र बदललं की वाढ झाली की नाही, यावर वाद होतो. ठाण्याहून वाशीला तपासणीला जाणार असाल तर आधी फोनवर बी-स्कॅन आहे का विचारा, लोकलने जा (बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, दुचाकी नको) आणि छापील रिपोर्टसोबत मूळ प्रतिमा पेनड्राइव्हवर मागून घ्या.